इंडक्शन शेगडी: कुकर-दुधाला उत्तम, भाकरीला अपुरी

सांगलीतल्या ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी होते, त्या घराने गॅस पूर्णपणे सोडून इंडक्शनवर जावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र त्याच घराने गॅसच्या शेजारी एक इंडक्शन शेगडी जरूर ठेवावी, असेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. आमच्या विश्रामबागेतील घरी पाच माणसांचा स्वयंपाक असतो. गेल्या उन्हाळ्यापासून ओट्यावर एका परिचित कंपनीची, एका भांड्यापुरती, २००० वॅटची शेगडी आहे, आणि गॅस जवळजवळ बंद ठेवून सगळा स्वयंपाक तिच्यावर करून पाहण्याचा प्रयोगही आम्ही केला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक शेगड्यांची आतली रचना सारखीच असते आणि खाली सांगितलेले गुणदोष त्या रचनेचेच आहेत.

घेण्याचे मुख्य कारण उकाडा हे होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गॅस पेटवून पंखा लावता येत नाही, कारण ज्योत फडफडते आणि आच भांड्याला लागतच नाही. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाणारा प्रवाह भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण करतो. ज्योत नसल्यामुळे डोक्यावरचा पंखा खुशाल चालू ठेवता येतो आणि भांड्याच्या कडेने वर येणारी झळही लागत नाही. केवळ एवढ्या एका सोयीसाठी शेगडीची किंमत वसूल झाली, असे मी म्हणेन.

उकळण्याच्या कामात तिला तोड नाही. एक लिटर पाणी तीन-साडेतीन मिनिटांत उकळते आणि त्याला साधारण एक दशांश युनिट वीज लागते. दूध वर येताना बटण दाबले की साय जागच्या जागी खाली बसते. गॅस बंद केल्यावरही तापलेल्या लोखंडी स्टँडमुळे दूध जे थोडेफार उतू जातेच, तसे येथे होत नाही. कुकरच्या बाबतीत मात्र शिट्ट्यांचा जुना हिशेब बदलावा लागतो. पूर्ण आचेवर वाफ इतक्या लवकर कोंडते की तीन शिट्ट्या होईपर्यंत तूरडाळ अजून कच्चीच असते. पहिली शिट्टी झाल्यावर आच निम्म्याहून कमी करून मग घड्याळाकडे पाहून वेळ मोजली, तर डाळ नेहमीसारखी मऊ होते, आणि शेगडीवरच वेळ लावण्याची सोय असल्याने तेवढ्या वेळात दुसरे काम उरकता येते.

भाकरीवर सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्याकडच्या स्वयंपाकघराची खरी परीक्षा तिथेच होते. शेगडीच्या काचेवर मोठे वर्तुळ आखलेले असले तरी आतले वेटोळे त्याहून बरेच लहान असते. त्यामुळे भाकरीचा मोठा तवा मधोमध रसरसून तापतो आणि कडा कोमट राहतात. शाळूची भाकरी थापून टाकली, वरून पाणी फिरवले आणि उलटली की मधल्या भागावर काळपट डाग दिसतात, तर कडेची दोन बोटे पांढरीच राहतात. गॅसवर आपण शेवटी तवा बाजूला करून भाकरी थेट ज्योतीवर धरतो, तेव्हा ती टम्म फुगते आणि कडाही भाजल्या जातात. इंडक्शनवर ती पायरीच नाही. जाळी ठेवूनही उपयोग होत नाही. सासूबाईंनी पहिल्याच भाकरीला ‘‘मधे करपली, कडेला कच्ची, ही कसली भाकरी गं?’’ असा शेरा दिला आणि तो अन्यायाचा नव्हता.

बिडाचा सपाट तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे आधी तापवून घेतला, भाकरी थोडी लहान थापली आणि फडक्याने कडा दाबत भाजली, तर निकाल सुधारतो. परंतु तिथे दुसरी अडचण येते. काचेखाली उष्णता मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. कोरडा तवा फार तापला असे त्याला वाटले की भाकरी तव्यावर असतानाच तो वीज तोडतो आणि तव्याची धग उतरेपर्यंत आपण हातात उलथणे घेऊन उभे राहतो. दोन भाकऱ्यांपुरते हे चालून जाते, दहा भाकऱ्या करणाऱ्या घरात नाही. तेल लावलेली चपाती बरी होते. फुलका, भाजलेला पापड आणि भरताचे वांगे यांचा तर विषयच सोडून द्यावा.

फोडणीचेही तसेच. फोडणीच्या पळीचे बूड इतके लहान असते की ती लोखंडी असली तरी शेगडीला भांडे ठेवले आहे हेच कळत नाही आणि ती पीं-पीं करत राहते. सपाट बुडाच्या छोट्या कढईत फोडणी करता येते, पण आच सुरुवातीपासून कमी ठेवावी. पूर्ण आचेवर तेल एवढ्या झपाट्याने तापते की मोहरी तडतडेपर्यंत जिरे जळून गेलेले असते.

मंद आच हा या स्वस्त शेगड्यांचा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि दुकानात त्याविषयी कोणी बोलत नाही. सर्वांत खालच्या टप्प्यावर शेगडी सलग कमी उष्णता देत नाही. काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद पूर्ण थांबते, आणि सरासरी तेवढी पडते. खीर आटवायला ठेवली की हे डोळ्यांना दिसते: कडेला एकदम बुडबुडे उठतात, मग दूध निश्चल होते, पुन्हा बुडबुडे उठतात. जाड बुडाचे भांडे घेतले तर हा धक्का जाणवत नाही. पातळ पातेल्यात मात्र तूप कढवताना बेरी तळाला लागते. पुरण घोटताना पातेले गुळगुळीत काचेवर सरकते, म्हणून एका हाताने ते घट्ट धरावे लागते.

शेगडीची किंमत दोन-साडेतीन हजारांच्या घरात असते, पण खरा खर्च भांड्यांचा. ॲल्युमिनियमचा कुकर, हिंडालियमची कढई, तांब्या-पितळेची पातेली यांपैकी काहीही तिच्यावर चालत नाही, आणि स्टीलची बरीचशी भांडीही चालत नाहीत. पेठेत भांडी घ्यायला जाताना फ्रिजवरचे एखादे चुंबक पिशवीत टाकावे. बुडाला ते घट्ट चिकटले तरच भांडे घ्यावे, नुसते रेंगाळले तर नाही. बूड सपाटच हवे. बिडाची आणि लोखंडाची जुनी भांडी मात्र उत्तम चालतात, फक्त ती काचेवर घासत ओढू नयेत.

वायरिंगची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते, त्यामुळे मिक्सरच्या ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ती लावणे धोक्याचे आहे. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशा जाडीची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग हवे. जुन्या घरात आधी वायरमनला बोलावून हे पाहून घ्यावे आणि वीजबिलावरचा मंजूर भारही तपासावा. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर शेगडी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता बिलाविषयी. ‘इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त’ हे दुकानदाराचे वाक्य सरसकट मान्य करण्याजोगे नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या बर्नरवर तिच्यातली ६०-६५ टक्के भांड्यात जाते, तर इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरचे काम करायला १३० ते १४० युनिट लागतात. सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर सगळे आकार मिळून युनिट साडेसहा-पावणेसात रुपयांच्या आत पडले तरच इंडक्शन परवडते. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंतचा आहे आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यात दर एकदम चढतो. फ्रिज, पंखे आणि टीव्ही यांनीच ज्यांचे शंभर युनिट संपतात, त्यांची इंडक्शनची वीज त्या चढ्या दराची असते, आणि वर वहन आकार व वीज शुल्क वेगळेच. आमचे घर याच गटातले आहे. सिलिंडर पूर्वीपेक्षा बराच लांबतो, पण दोन्ही बिले एकत्र मांडली तर बचत दिसत नाही. छतावर सौर पॅनेल असलेल्यांचे गणित मात्र निराळे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि तो संच बसवलेल्या घराने स्वयंपाकाचा जितका भार विजेवर टाकता येईल तितका टाकावा.

गॅसची जोडणी परत करण्याचा विचार मात्र कोणी करू नये. वळवाच्या पावसात संध्याकाळी ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज जाणे हे येथे नवे नाही. इन्व्हर्टरवर ही शेगडी चालवता येत नाही. शिवाय २०१९ आणि २०२१ सारखे कृष्णेचे पाणी गावभागात आणि सांगलीवाडीत शिरले, की सुरक्षिततेसाठी वीज बंद ठेवावीच लागते.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळू नये. वापर झाल्यावर आतला पंखा फिरायचा थांबेपर्यंत प्लग काढू नये, आणि ओल्या बोटांनी बटणे दाबू नयेत, कारण ती ऐकत नाहीत. खालच्या हवेच्या झरोक्यांतून उबेला झुरळे आत शिरतात आणि सर्किटवर चिकटून शेगडी बंद पाडतात. म्हणून रात्री ती ओट्यावर तशीच न ठेवता पुसून, कोरड्या जागी उभी ठेवावी, आणि हमीचे कार्ड दुकानदाराकडून शिक्का मारून घ्यावे.