स्कायडायव्हर्सचे विमान उडवावे की उड्डाण प्रशिक्षक व्हावे?

अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो तेव्हा लॉगबुकमध्ये साधारण २५० तास असतात, आणि एअरलाइनच्या नोकरीसाठी लागणाऱ्या एटीपी परवान्याला सर्वसाधारणपणे १५०० तास पूर्ण असावे लागतात. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून ही अट सहवैमानिकांनाही लागू झाली. भारतात २०० तासांच्या परवान्यावरही एअरलाइन्स भरती करतात, त्यामुळे गोंदिया, बारामती किंवा शिरपूर येथे शिकणाऱ्यांपुढे हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नाही. मात्र फ्लोरिडा, टेक्सास किंवा ॲरिझोनात शिकायला गेलेल्या आणि तिथेच अनुभव मिळवू पाहणाऱ्या मराठी तरुण-तरुणींना मधले हजार-बाराशे तास कुठून आणायचे हे ठरवावेच लागते. त्यासाठी सर्वांत रुळलेल्या वाटा दोन आहेत: उड्डाण प्रशिक्षक होणे, किंवा ड्रॉप झोनवर, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या तळावर, पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांना वर नेणारा जंप पायलट होणे.

प्रवेशाच्या दृष्टीने पाहता जंप पायलटची वाट वरवर सोपी दिसते. प्रशिक्षक होण्यासाठी आणखी लेखी परीक्षा, स्पिनचे (गिरक्या घेत खाली येणारे विमान सावरण्याचे) प्रशिक्षण आणि बहुतेकांना जड जाणारी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. जंप पायलटला कायद्याने व्यावसायिक परवाना, दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि सेस्ना १८२ सारख्या २०० पेक्षा जास्त अश्वशक्तीच्या विमानासाठी प्रशिक्षकाची सही एवढेच लागते. प्रत्यक्षात मात्र दार उघडते किंवा बंद होते ते विमा कंपनीच्या अटींवर. त्या अटी अनेकदा कायद्याच्या पुढे जातात, आणि २५० तासांच्या उमेदवाराला आणखी तास करून येण्यास सांगितले जाते.

तास जमण्याचा वेग हे या कामाचे मोठे आकर्षण आहे. हंगामातल्या शनिवार-रविवारी ड्रॉप झोनवरचे विमान वडापच्या जीपसारखे चालते. माणसे भरली की निघायचे, रिकामे परत यायचे आणि पुन्हा भरायचे. सेस्ना १८२ मध्ये वैमानिकाची सोडून बाकीच्या खुर्च्या काढलेल्या असतात, चार जण जमिनीवर बसतात, आणि १० हजार फुटांपर्यंत चढायला वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक लागतात. दिवसभर अशा फेऱ्या झाल्या तर चार-पाच तास सहज जमतात आणि ते सगळे स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले असतात. शिवाय दिवसाकाठी दहा उड्डाणे आणि दहा लँडिंग झाल्याने बाजूच्या वाऱ्यात विमान सांभाळण्याचा हात जितका बसतो, तितका इतर कामांत क्वचितच बसतो.

तरीही निर्णय घेणाऱ्याने एकूण तासांच्या आकड्याखाली पाहावे, असे माझे ठाम मत आहे. एटीपीच्या १५०० तासांत ५०० तास क्रॉस-कंट्री, १०० तास रात्रीचे आणि ७५ तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न पाहता केवळ उपकरणांवरून उडवलेले, असावे लागतात. क्रॉस-कंट्री म्हणून धरण्यासाठी निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून दूर जावे लागते. दुसरीकडे, स्कायडायव्हर्सच्या उड्डाणांना हवाई वाहतूक कंपनीसारख्या प्रमाणपत्रातून जी सूट मिळते, ती विमानतळापासून २५ मैलांच्या परिघातल्या विनाथांबा उड्डाणांपुरतीच असते. या दोन नियमांमुळे जंप पायलटच्या नेहमीच्या फेऱ्यांतून क्रॉस-कंट्रीचा एकही तास मिळत नाही. काम मुख्यतः दिवसा आणि ढग टाळून चालते, म्हणून रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे तासही जवळजवळ मिळत नाहीत. १५०० चा आकडा गाठूनही ५०० च्या अटीपाशी अडकण्याची आणि मग स्वतःच्या खर्चाने विमान भाड्याने घेण्याची वेळ यातून येऊ शकते. प्रशिक्षकाला विद्यार्थ्यांसोबतच्या दूरच्या आणि रात्रीच्या उड्डाणांचे तास आपोआप मिळतात; इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचे वेगळे रेटिंग घेतले, तर प्रत्यक्ष ढगांत शिकवलेले तासही जमेस धरता येतात.

कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी एका फेरीचा शेवटचा टप्पा पाहू. उडी पडण्यापूर्वी किमान पाच मिनिटे हवाई वाहतूक नियंत्रणाशी रेडिओवर संपर्क झालेला असावा लागतो, आणि आसपासच्या विमानांसाठी स्थानिक फ्रीक्वेन्सीवरही घोषणा केली जाते. जंप रनवर, म्हणजे उडीआधीच्या सरळ टप्प्यात, विमान वाऱ्याला सामोरे नाक करून स्थिर ठेवलेले असते. उजवीकडचे, वर उघडणारे दार पंखाखाली जाऊन टेकते, थंड हवा आत घुसते, बाहेर डोके काढून खालची जागा पाहणारा ‘कट’ असे ओरडतो आणि वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करतो. त्यानंतर माणसे पायरीवर उतरून पंखाच्या आधाराला लटकतात. त्यांच्या अडथळ्यामुळे विमान उजवीकडे ओढले जाते आणि वेग घटू लागतो. त्याच वेळी डावे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीवरचे सुकाणू), नाक किंचित खाली आणि वेगावर नजर, हे सगळे सांभाळावे लागते. कुणी चाकावर पाय ठेवणार असेल, तर ते फिरू नये म्हणून ब्रेकही दाबून धरावा लागतो. दाराशी बसलेल्या कुणाचे पॅराशूट चुकून उघडले आणि शेपटीत अडकले, तर विमान हाताबाहेर जाऊ शकते. म्हणूनच अनेक ठिकाणी वैमानिकाच्या पाठीवरही आपत्कालीन पॅराशूट असते. २०१३ साली विस्कॉन्सिनमधील सुपीरियर येथे एकत्र उडणारी दोन सेस्ना विमाने एकमेकांवर आदळली, तेव्हा एक वैमानिक याच पॅराशूटमुळे वाचला. दोन्ही विमानांतील नऊ स्कायडायव्हर आणि दुसरा वैमानिकही सुखरूप राहिले.

सगळ्यांनी उडी घेतली की खरी परीक्षा इंजिनाची असते. पूर्ण शक्तीने तापलेले, हवेने थंड होणारे इंजिन शक्ती एकदम काढून वेगाने खाली आणले, तर सिलिंडरना तडे जाण्याची भीती असते, म्हणून मालक उतरण्याची पद्धत ठरवून देतात आणि ती पाळलीच पाहिजे. वजन वाचवण्यासाठी टाकीत दोन-तीन फेऱ्यांपुरतेच इंधन ठेवण्याची प्रथा आहे, आणि रांगेत माणसे ताटकळत उभी असताना टाकी स्वतः काठी घालून मोजण्याचा कंटाळा नव्या वैमानिकाला महागात पडू शकतो.

एनटीएसबी या अमेरिकी अपघात-चौकशी संस्थेने २००८ साली या क्षेत्रावर विशेष अहवाल काढला. १९८० पासूनच्या ३२ अपघातांत १७२ माणसे गेल्याचे त्यात नोंदवले आहे, आणि अपुरी देखभाल, वजन व समतोलासारख्या मूलभूत गोष्टींतली वैमानिकांची हयगय आणि सरकारी देखरेखीचा अभाव अशी कारणे दिली आहेत. १९९२ साली कॅलिफोर्नियातील पेरिस व्हॅली येथे इंधन दूषित असल्याने ट्विन ऑटर या दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, चुकीच्या इंजिनाचे प्रोपेलर फेदर केले गेले (पाती वाऱ्याला समांतर वळवून त्याचा जोर काढला गेला) आणि १६ जण मरण पावले. २०१९ साली हवाईतील डिलिंगहॅम येथे किंग एअर जातीचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून ११ जण गेले. तिथे उड्डाणाच्या वेळी केलेल्या आक्रमक वळणाकडे चौकशीने बोट दाखवले. ही उदाहरणे घाबरवण्यासाठी दिलेली नाहीत. या कामात सुरुवातीच्या फेऱ्या सोडल्या तर नवख्या वैमानिकाच्या शेजारी कुणी ज्येष्ठ बसलेला नसतो, आणि एअरलाइनप्रमाणे दर काही महिन्यांनी तपासणी घेणारी यंत्रणाही कायद्याने बंधनकारक नाही, एवढे त्यातून लक्षात यावे.

प्रशिक्षकाच्या कामातही धोका आहे, पण त्याची जात वेगळी आहे. विद्यार्थी कोणत्या क्षणी काय चूक करील हे सांगता येत नाही, आणि तीच ती चूक शंभर वेळा दुरुस्त करताना स्वतःचे वायुगतिशास्त्र, नियम आणि हवामानाचे ज्ञान पक्के होते. एअरलाइनच्या मुलाखतीत विचारले जाते ते बहुतांशी हेच. ज्यांना समजावून सांगण्यात रस नाही त्यांनी मात्र केवळ तासांसाठी या वाटेला जाऊ नये. कंटाळलेल्या प्रशिक्षकाची किंमत विद्यार्थी चुकवतो.

पैशाचा हिशेब थोडक्यात असा आहे: जंप पायलटला बहुधा फेरीमागे, प्रशिक्षकाला तासामागे मोबदला मिळतो, आणि हवामान बिघडले की दोघांचेही उत्पन्न थांबते. प्रशिक्षक अशा दिवशी वर्गात शिकवून थोडेफार कमावू शकतो. उत्तरेकडचे ड्रॉप झोन हिवाळ्यात थंडावतात; फ्लोरिडातील डीलँड, ॲरिझोनातील एलॉय किंवा कॅलिफोर्नियातील पेरिस येथे वर्षभर काम चालते. भारतीय विद्यार्थ्याने त्याआधी व्हिसाचे गणित मांडावे. एम-१ या व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसावर शिक्षणानंतरचे व्यावहारिक प्रशिक्षण जास्तीत जास्त सहा महिने मिळते, एफ-१ या शैक्षणिक व्हिसावर साधारण एक वर्ष, आणि परवानगी हाती येण्यापूर्वी असे काम सुरू करता येत नाही. एवढ्या मर्यादित मुदतीत हंगामावर अवलंबून असलेली नोकरी धरणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून भारतातून गेलेल्या आणि मुदत मोजकी असलेल्या उमेदवाराला मी आधी प्रशिक्षक होण्याचाच सल्ला देईन. ज्याच्याकडे अमेरिकेत राहण्याचा कायमचा हक्क आहे, क्रॉस-कंट्रीचे तास आधीच बऱ्यापैकी आहेत आणि जो पुढे कॅरॅव्हॅन किंवा ट्विन ऑटरसारख्या टर्बाइन (पिस्टनऐवजी जेटसारख्या इंजिनाच्या) विमानावर जाऊ इच्छितो, त्याच्यासाठी ड्रॉप झोन उत्तम आहे. कारण टर्बाइनचा अनुभव इतक्या लवकर फार कमी ठिकाणी मिळतो. प्रशिक्षकाचे काम करत शनिवार-रविवारी जंप पायलट होणे ही दोन्हींची चांगली जोड आहे, आणि विमा कंपनीला हवे असलेले तासही तोपर्यंत जमलेले असतात.

ड्रॉप झोन निवडताना पगाराआधी मालकाकडे विमानाच्या देखभालीच्या नोंदी पाहायला मागाव्यात, पहिल्या किती फेऱ्यांना अनुभवी वैमानिक सोबत असेल हे विचारावे, आणि प्रत्येक फेरीचे वजन व इंधन कोण आणि कसे मोजते हे एक दिवस धावपट्टीवर उभे राहून पाहावे. नोंदी दाखवायला जो मालक टाळाटाळ करतो, त्याच्याकडे तास कितीही लवकर मिळणार असले तरी रुजू होऊ नये.