घरात एडीएचडी आहे. आधी कुठलं पुस्तक घ्यावं?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं फार जड जातं असा विकार. गोव्यात डिचोलीला आमच्या घरी हा शब्द आला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. तोवर तो नुसता ‘वांड’ होता. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी सुपारीचा घड आणायला धाडला, तर दोन तासांनी शेजारच्या विहिरीपाशी कासव बघत बसलेला सापडला. बोल मात्र मला लागला. आता ओळखीचे पालक विचारतात, कुठलं पुस्तक घेऊ? मी चार वाचली, चारही इंग्रजीतून. सगळी एकदम आणू नका.

त्रास मुलाला असेल तर आधी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कलींचं ‘टेकिंग चार्ज ऑफ एडीएचडी’ घ्या. पहिली आवृत्ती १९९५ची, पण २०२०ची चौथीच घ्या. बार्कलींचं मुख्य म्हणणं असं, की या मुलाला कळत नाही असं नाही, कळलेलं त्या क्षणी करता येत नाही. त्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: स्वतःला आवरण्याच्या बाबतीत मूल वयापेक्षा साधारण तीस टक्के मागे धरायचं. म्हणजे माझा नऊ वर्षांचा मुलगा सहा-साडेसहाचा. ते वाचलं आणि माझा आवाज खाली आला. शिक्षेच्या आधी कौतुक, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं एकही हुकूम न सोडता त्याच्या खेळात बसणं, हे आम्ही खरंच केलं. पुस्तक जाड आहे, सूर मास्तरांचा आहे. शाळेचे कायदे अमेरिकेतले, ते सोडून द्या. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नावच नाही. औषधांची सगळी नावंही इथे मिळणारी नाहीत, तो विषय डॉक्टरांशीच बोला.

बार्कली झेपत नसतील तर पेग डॉसन आणि रिचर्ड ग्वेअर यांचं ‘स्मार्ट बट स्कॅटर्ड’ (२००९) हलकं आहे. ते केवळ एडीएचडीवर नाही. काम सुरू करणं, वेळ सांभाळणं, राग आवरणं अशी अकरा कौशल्यं वेगळी काढून नेमकं कुठलं कच्चं आहे ते शोधायला लावतं. त्यात पालकांसाठीही प्रश्नावली आहे. माझं आणि मुलाचं एकच कौशल्य कच्चं निघालं, तेव्हा रोज सकाळी आमचं का वाजतं ते समजलं.

मोठ्या माणसाला स्वतःविषयी शंका असेल तर मात्र एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी यांचं ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’. १९९४चं हे पुस्तक लिहिणारे दोघेही मानसोपचारतज्ज्ञ, आणि दोघांनाही हाच त्रास. माणसांच्या हकिकती असल्यामुळे कुठूनही उघडून वाचता येतं. आमच्या ह्यांनी आयुष्यात पूर्ण वाचलेलं हे तिसरं-चौथं पुस्तक असेल. मधेच थांबून म्हणाले, ‘हे माझंच आहे गं.’ तक्ते, युक्त्या हव्या असतील तर त्या यात कमी मिळतील.

कॅनडातले डॉक्टर गाबोर माटे यांचं ‘स्कॅटर्ड माइंड्स’ (१९९९) सगळ्यांत सुंदर लिहिलेलं, आणि तेच मी पहिलं म्हणून कुणाच्या हातात देणार नाही. त्यांना स्वतःला एडीएचडी आहे. त्यांच्या मते मूल संवेदनशील जन्मतं, पण विकार घडतो तो तान्हेपणी घरात असलेल्या ताणातून. जुळ्यांच्या अभ्यासांतून मात्र आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात दिसतो. आईबापांना दोष द्यायचा नाही, असं माटे स्वतः सांगतात. तरी मी त्या रात्री झोपले नाही. बाळंतपणातली प्रत्येक चिंता उकरत बसले. आधीच आईला बोलणाऱ्या घरात हे पुस्तक उशिरा यावं, निदान नीट समजल्यावर, मन थोडं स्थिरावल्यावर.

आणखी एक गोष्ट बघून घ्या: त्यातलं एखादं पान घरच्यांना मराठीत वाचून दाखवता येईल का? मी बार्कलींचं तीस टक्क्यांचं पान सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आपला हा अजून पहिलीतलाच धरायचा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो दप्तर भरत होता तेव्हा त्या त्याच्या शेजारी पाट घेऊन बसल्या, आणि एकेक वही हातात देत राहिल्या.