छोट्या कॉलेजची सुरक्षा: गेटवर कोण, आणि तक्रार कोणाकडे?

तालुक्याच्या गावातलं कॉलेज. आठ-नऊशे विद्यार्थी, दोन इमारती, एक मैदान, मागच्या पडक्या कंपाउंडमधून गावाकडे जाणारी पायवाट आणि असलंच तर तीस-चाळीस मुलींचं वसतिगृह. अशा ठिकाणी प्राचार्यांपुढे किंवा संस्थेच्या सचिवांपुढे सुरक्षेचा विषय दोनच वेळा येतो: कुठेतरी काही भयंकर घडून पेपरात आलं की, नाहीतर नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, तारीख जवळ आली की. दोन्ही वेळा घाईत ठरतं ते एकच, सोळा कॅमेरे लावून टाका. त्या घाईच्या आधी वाचावं म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान कॉलेजात सगळे सगळ्यांना ओळखतात. गेटवर ही ओळख कामाची असते, तिथे जुना, आपला माणूस हवा. तक्रारीच्या वेळी मात्र हीच ओळख गळ्याशी येते, तिथे बाहेरचा माणूस हवा. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं दिसतं: गेटवर दर दोन महिन्यांनी नवा गार्ड आणि समितीत सगळे घरचेच.

गेटवरचा माणूस: चार वाटा

पहिली वाट म्हणजे संस्थेचा स्वतःचा चौकीदार. मुलं त्याला मामा म्हणतात. कोण कोणत्या वर्गात आहे, कोणाचा भाऊ न्यायला येतो, कोणती गाडी रोज उगाच कोपऱ्यावर थांबते, हे त्याला न विचारता ठाऊक असतं. ही माहिती पैसे देऊन विकत मिळत नाही. अडचणी दोन. अनुदानित कॉलेजात चौथ्या श्रेणीच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, त्यामुळे हा माणूस बहुधा संस्थेच्या पैशातून, तुटपुंज्या पगारावर ठेवलेला असतो. आणि तो एकच असतो. दिवसाचे चोवीस तास गेट सांभाळायचं तर आठवड्याला १६८ तास होतात. एका माणसाचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. कागदावर ‘२४ तास सुरक्षा’ आणि प्रत्यक्षात एक मामा, तर रात्री अकरानंतर तिथे कोणी नसतं, किंवा मामा खुर्चीत झोपलेले असतात. त्यात त्यांचा दोष काडीचाही नाही.

दुसरी वाट खासगी एजन्सीची. एक गार्ड रजेवर गेला की दुसरा पाठवणं ही त्यांची जबाबदारी, गणवेश त्यांचा, कटकट त्यांची. इथे हिशेब नीट बघावा लागतो. गार्डच्या पगारावर भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), बोनस, वर एजन्सीचा सेवाखर्च आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. गंमत अशी की सुरक्षा सेवेवरची जीएसटीची सूट शिक्षणसंस्थांना बारावीपर्यंतच आहे. म्हणजे एकाच आवारात ज्युनिअर आणि सीनिअर दोन्ही असतील, तर गेट एक आणि कराचे नियम दोन. सीएला आधीच विचारून करार करा.

कोटेशनं समोर आली की सर्वात कमी आकड्यावर बोट जातं. तो आकडा किमान वेतन आणि वरची देणी यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर एजन्सी फरक कुठून भरून काढणार हे उघड आहे: बारा-बारा तासांची पाळी आणि कापलेला पगार. असा गार्ड महिन्या-दोन महिन्यांत निघून जातो, मग नवा येतो, त्याला वाणिज्य शाखा कोणत्या इमारतीत आहे तेही माहीत नसतं. एजन्सीकडे २००५ च्या केंद्रीय कायद्याखालचा परवाना आहे का ते बघा. फोटोकॉपीवर विसंबू नका, मुदत तपासा. आणि करारात एक ओळ घालून घ्या की कॉलेजला न विचारता गार्ड बदलायचा नाही. ही ओळ गणवेशाच्या रंगापेक्षा महत्त्वाची आहे.

तिसरी वाट महाराष्ट्रातच मिळते, पण लहान गावांतल्या संस्थांना ती फारशी ठाऊक नसते: सुरक्षा रक्षक मंडळ. १९८१ च्या राज्य कायद्याने ही मंडळं आली. रक्षक मंडळाकडे नोंदलेला असतो, तुम्ही वेतन आणि वरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा आकारणी, मंडळाकडे भरता, त्याचा पगार आणि निधी मंडळ बघतं. मधला दलाल जातो, पिळवणूक थांबते. पण माणूस निवडण्याची मोकळीक कमी होते आणि खर्च स्वस्त एजन्सीपेक्षा जास्त येतो. तुम्ही मंडळाच्या हद्दीत असाल आणि तरीही एजन्सीच हवी असेल, तर त्या एजन्सीकडे या कायद्याखालची सूट आहे का, हे विचारायचं विसरू नका.

चौथी वाट, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ. २०१० च्या कायद्याने झालेलं हे महामंडळ मोठ्या आस्थापनांना जवान पुरवतं. नऊशे मुलांच्या कॉलेजला परवडणारं आणि लागणारं हे प्रकरण नव्हे.

माझा कौल मिश्र व्यवस्थेला. दिवसा मामाच, पण नीट पगार देऊन. रात्रीच्या पाळीला एजन्सीचा किंवा मंडळाचा माणूस. वसतिगृह असेल तर तिथे स्त्री रक्षक, यात काटकसर नको.

पोलीस पडताळणी मात्र मामांचीही आणि बाहेरून आलेल्यांचीही. जून २०२३ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हजवळच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला, तेव्हा संशय तिथे अनेक वर्षं काम करणाऱ्या माणसावर होता. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणात आरोपी नुकताच लागलेला कंत्राटी कर्मचारी होता. एक जुना, एक नवा. ‘आपलाच आहे हो’ हे वाक्य पडताळणीच्या अर्जाला पर्याय होऊ शकत नाही.

रजिस्टर की बायोमेट्रिक

कुठल्याही कॉलेजच्या गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर उघडा. ‘नाव’ या रकान्यात एक आडनाव, ‘कोठून’मध्ये गावाचं नाव, ‘कोणाकडे’मध्ये ‘ऑफिस’, ‘काम’मध्ये ‘काम’. मोबाईल नंबर नऊ आकडी. जाण्याची वेळ कोरी. खाली दहा ओळी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, दुपारी चहानंतर भरलेल्या. हे रजिस्टर नॅकच्या फाइलीत जिओटॅग (जागेची नोंद असलेल्या) फोटोसह सुंदर दिसतं.

त्याऐवजी विद्यार्थ्यांना पंचिंगचं यंत्र लावावं का? मुख्य गेटवर नको. सकाळी पावणेआठला पाच एसट्या एकदम उतरतात, पाचशे मुलं एका यंत्रापुढे उभी राहिली की तिसऱ्या दिवशी गेट सताड उघडं ठेवतात आणि यंत्रावर धूळ बसते. ओळखपत्र गळ्यात आणि मामांची नजर, एवढं दिवसा पुरतं. रजिस्टर फक्त बाहेरच्यांसाठी ठेवा, रकाने कमी करा, पण जाण्याची वेळ भरल्याशिवाय माणूस सोडायचा नाही. आणि मागची ती पायवाट: ती बंद करायची की तिथे दुसरं छोटं फाटक करून वेळ ठरवायची, हे आधी ठरवा. गावातली निम्मी मुलं तिथूनच येत असतील तर भिंत बांधली तरी महिन्याभरात चार विटा निघालेल्या असतात. फाटक केलेलं बरं.

कॅमेरे

कॅमेरे लावूच नका असं मी म्हणत नाही. चोरी, अपघात, मारामारी यांत नंतर उपयोग होतो. पण कॅमेरा कोणाला अडवत नाही, तो फक्त लक्षात ठेवतो, आणि तेही डिस्कमध्ये जागा असेल तोवर. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर सतत चालला तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी भरतात. सोळा कॅमेऱ्यांचे तीस दिवस म्हणजे दहा टीबीच्या वर. कोटेशनमध्ये बऱ्याचदा दोन किंवा चार टीबीची डिस्क असते. म्हणजे पाच ते बारा दिवसांत जुनं पुसलं जातं, आणि मुलगी धीर करून तक्रारीला येते ती बहुधा त्यानंतर. आठ कॅमेरे आणि मोठी डिस्क ही सोळा कॅमेरे आणि लहान डिस्कपेक्षा चांगली खरेदी आहे. गेट, पार्किंग, जिने, ग्रंथालयाचं दार, वसतिगृहाचं प्रवेशद्वार एवढं पुरे. सोबत एक चांगला यूपीएस, कारण आपल्याकडे वीज जाते ती नेमकी संध्याकाळी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. कॅमेरे बसवणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये ते ॲप राहतं, पासवर्ड कंपनीतून आलेलाच असतो. वसतिगृहाच्या दाराचं चित्रण गावातल्या एका दुकानात दिसत असेल तर ती सुरक्षा कुठली? पासवर्ड बदला, रेकॉर्डिंग कोण बघू शकतं ती दोन नावं लिहून ठेवा, आणि कोणी, कधी, कशासाठी बघितलं याची वही ठेवा.

वसतिगृहाची वेळ

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात उंच भिंत, वर काटेरी तार, वसतिगृहात बायोमेट्रिक हजेरी असं बरंच आहे. वसतिगृहात बायोमेट्रिक चालतं, तिथे गर्दी नसते. प्रश्न वेळेचा आहे. सातला कुलूप की नऊला? मुलांना एक वेळ आणि मुलींना दुसरी?

कडक वेळ पालकांना आवडते आणि रेक्टरबाईंना सोपी जाते. पण रविवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. मुलगी घरून डबा घेऊन निघाली, एसटी वाटेत तासभर बंद पडली, स्टँडवर उतरली तेव्हा पावणेआठ. दार साडेसातला बंद, उशीर झाला की पालकांना पत्र. ती स्टँडवरून कुठे जाईल? मैत्रिणीच्या खोलीवर, लांबच्या नातेवाइकाकडे, किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलवर, कुठेही. नियमाने ती आत यायला हवी होती, नियमानेच बाहेर राहिली. म्हणून दुसरी पद्धत घ्या: वेळ ठरलेली, पण उशिराचं रजिस्टर वेगळं, रेक्टरांचा फोन रात्रीही लागणारा, आणि दार उघडलंच जाईल याची खात्री. जाब सकाळी विचारा. महिन्यात चारदा उशीर झाला तर मग घरी बोला.

तक्रार: इथे घरचा माणूस नको

कागदावर दोन गोष्टी सगळीकडे असतात. रॅगिंगविरोधी समिती आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती.

रॅगिंगचा कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आयोगाचे २००९ चे नियम त्याहून कडक आहेत आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन कॉलेजच्या बाहेरची आहे, म्हणूनच ती चालते. तिचा फलक ऑफिसपेक्षा स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे नंबर टिपून घेताना कोणी बघत नाही.

अंतर्गत समितीचं गणित लहान कॉलेजात अवघड होतं. आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार अध्यक्ष वरिष्ठ स्त्री प्राध्यापक, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची, सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी, आणि एक बाहेरची, स्वयंसेवी संस्थेतली व्यक्ती. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. विभागप्रमुख सदस्य होऊ शकत नाहीत. आता दोन-दोन माणसांचे विभाग असलेल्या कॉलेजात अर्धा स्टाफ विभागप्रमुखच असतो! मग नियम वाकवून कोणालाही बसवतात. तसं करू नका. वरिष्ठ स्त्री नसेल तर संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून अध्यक्ष घेता येते, नियमातच तशी सोय आहे.

खरा कस लागतो तो बाहेरच्या सदस्याचा. दोन पर्याय समोर असतात. एक, संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीतल्या समाजसेविका, ज्या बैठकीला येतात, चहा घेतात, सही करतात. दोन, जिल्ह्याच्या ठिकाणची वकील किंवा स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली कार्यकर्ती, जी अडचणीचे प्रश्न विचारेल. दुसरी घ्या, प्रवासखर्च द्या. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी, आणि या काळात ‘सरांचं रिटायरमेंट जवळ आलंय’ असं सांगायला सगळं गाव येतं. त्या वेळी ज्या व्यक्तीचा गावात लग्नकार्याला संबंध नाही, तीच टिकते. तक्रार संस्थाचालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हेही फलकावर लिहा. लिहायला संस्थाचालकांचं मन होत नाही, म्हणून सांगतोय.

आगीबद्दल थोडक्यात. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. इथे पर्यायच नाहीत, त्यामुळे तुलनाही नाही. फक्त रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं मागचं दार कुलपाशिवाय ठेवा.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी मामांचा पगार आणि रात्रीची पाळी, मग मैदानाकडचे दिवे, मग समितीतल्या बाहेरच्या सदस्याचा प्रवासखर्च, त्यानंतर आठ कॅमेरे. कॉलेज हायवेला लागून असेल आणि बाहेरच्या गाड्या आवारात सर्रास येत असतील, तर गेटवरचा एक कॅमेरा दिव्यांच्या आधी घ्या, नंबर प्लेट वाचता येईल एवढ्या उंचीवर. बरेच जण तो झाडापेक्षा उंच लावतात आणि वर्षभर गाड्यांचे टप पाहत बसतात.