मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घेताना

सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पोहोचायला अर्धा तास पुरतो, परंतु तंबोरा घ्यायचे ठरल्यापासून तो घरी येईपर्यंत आम्हाला अडीच महिने लागले. मुलगी चार वर्षे गाणे शिकत असून रियाजाला मोबाइलमधला तंबोरा वापरत होती. तिच्या बाईंनी एके दिवशी स्पष्टच सांगितले की, हाताने छेडलेल्या तारांशी सूर मिळवल्याखेरीज कान तयार होणार नाही. त्याआधी एकदा घरबसल्या मागवलेल्या तंबोऱ्याचा अनुभव गाठीशी होताच. तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला तेव्हा भोपळा आणि दांडी जिथे जुळतात नेमक्या त्या ठिकाणी चीर गेलेली होती, आणि विक्रेत्याशी पत्रव्यवहार करण्यात एक अख्खा महिना गेला होता. शेजारच्याच गावात वाद्ये घडत असताना आपण ती टपालाने मागवली, याची लाज वाटली ती वेगळीच.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून आहे. पटवर्धनांच्या संस्थानात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे मूळ काम ओसरू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढे आडनावच सतारमेकर झाले. किराणा घराण्याचे गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेतील दीर्घ वास्तव्य आणि मीरासाहेब दर्ग्यातील संगीतसभा यांमुळे गवई या गावात येत राहिले, आणि गवई आले की वाद्यांची दुरुस्तीही आलीच. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही घेतलेल्या वाद्यावर मात्र दुकानाच्या नावाच्या चिठ्ठीपलीकडे त्याची काही खूण नाही. ती असती तर बाहेरगावच्या ग्राहकाला अस्सल माल ओळखणे सोपे गेले असते.

पहिल्या दोन दुकानांबद्दल थोडक्यात सांगतो. एका ठिकाणी नक्षीकामाची इतकी रेलचेल होती की दुकानदार तारांपेक्षा वेलबुट्टीविषयीच अधिक बोलत राहिला, आणि दुसऱ्या ठिकाणी आम्ही गाण्याची पट्टी, म्हणजे कोणता सूर षड्ज धरायचा ते, सांगण्याच्या आत किंमत सांगितली गेली. तिसरे दुकान म्हणजे खरे तर पुढे बैठक आणि मागे कारखाना अशी एक लांबट खोली होती. दारातच वाळलेल्या भोपळ्यांची उतरंड होती आणि आत एक कारागीर लाकडाच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या फळीवर, रंधा फिरवत होता. बैठकीवरच्या वयस्कर चाचांनी आम्हाला काहीही दाखवण्यापूर्वी मुलीला विचारले, "बेटा, कुठल्या पट्टीत गातेस?" तिने काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरचे मोठे, पुरुषी आवाजाचे तंबोरे बाजूला ठेवले आणि बायकी मापाचे तीन खाली उतरवले. ग्राहकाला काय हवे हे आधी विचारून मग माल काढणारा दुकानदार आता कापडाच्या दुकानातही दुर्मीळ झाला आहे.

मी सवयीने भोपळ्यावर टिचकी मारून पाहू लागलो, तेव्हा चाचा हसले आणि म्हणाले, "साहेब, हे काय कलिंगड आहे का? तार ऐका." मग त्यांनी तिन्ही तंबोरे एकाच पट्टीत लावून मुलीला पाठ करून बसवले आणि कोणता वाजतो आहे हे न सांगता एकामागून एक छेडले. तिने निवडलेला तंबोरा दिसायला तिघांत सर्वांत साधा होता. नक्षी नाही, पॉलिश गडद तपकिरी आणि भोपळा एका बाजूस किंचित बसका. भोपळा काही साच्यातून निघत नाही, त्यामुळे अगदी सारखे दोन तंबोरे सापडत नाहीत. याच कारणासाठी छायाचित्र पाहून वाद्य ठरवू नये, असे माझे मत झाले आहे.

खरा वेळ गेला तो जवारीत, म्हणजे तारेचा नाद खुलवण्यासाठी घोडी घासण्याच्या कामात. तंबोऱ्याची तार घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या तारा पेलणाऱ्या पट्टीवर, एका बिंदूत टेकत नाही. घोडीच्या पृष्ठभागाला अगदी नाजूक उतार दिलेला असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर लांबवर स्पर्श करत राहते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. हा उतार कानसीने घासून साधतात, आणि नंतर तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून तो केसाएवढा पुढे-मागे सरकवतात. चाचांनी आमच्यासमोर चारही तारांचे काम केले. पंचमाला आणि जोडाला (षड्जाच्या मधल्या दोन तारांना) पाऊण तास लागला, तर पितळी खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार मनासारखी बोलेना म्हणून ती त्यांनी बदलूनच टाकली. मुलीला खूप खुली, म्हणजे फार गुंजणारी, जवारी झेपणार नाही, असे त्यांनी तिचा एक आलाप ऐकून ठरवले होते. या सेवेचे वेगळे पैसे लावले नाहीत, आणि पहिल्या वर्षात दोनदा जवारी फुकट काढून देण्याचे कबूल केले. खुंटी सरकू लागली तर तिला खडू लावायचा, हेही त्यांनी मुलीकडून करवून घेतले.

गवसणीसह (कापडी खोळीसह) आम्ही २२,००० रुपये दिले. घासाघीस झाली नाही, कारण तिला जागाच ठेवलेली नव्हती. परंतु एकाही वाद्यावर किमतीची चिठ्ठी नसल्यामुळे हा दर सर्वांना सारखाच आहे का, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि पावतीसाठी मला दोनदा आठवण करावी लागली. पॉलिशचा शेवटचा हात देऊन तीन आठवड्यांत तंबोरा मिळेल असे सांगितले होते, तो सातव्या आठवड्यात मिळाला. दमट हवेत पॉलिश वाळत नाही हे कारण पटण्यासारखे असले, तरी ते आम्ही फोन केल्यावर नव्हे तर आधी कळायला हवे होते. गल्ली अरुंद असल्याने चारचाकी बाहेरच ठेवावी लागते आणि एवढे नाजूक वाद्य दोघांनी उचलून गर्दीतून न्यावे लागते.

जाणाऱ्याने सकाळी जावे, गाणाऱ्याला बरोबर न्यावे आणि शक्यतो पावसाळा टाळावा. आमच्या तंबोऱ्याचा खर्ज श्रावणात थोडा बंद झाला आहे, म्हणजे त्याची गुंज दबली आहे, त्यामुळे दसऱ्याच्या आधी पहिल्या फुकट जवारीसाठी आम्ही पुन्हा मिरजेला जाणार आहोत.