बुरशी, ओल आणि डिह्युमिडिफायर: गुहागरमधील एका पावसाळ्याचा अनुभव

आमच्या घराचा पुढचा भाग जुना, कौलारू आहे आणि मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या आहेत. पावसाळ्यात साड्या, चामड्याच्या चपला आणि पुस्तकांचे पुठ्ठे यांवर जो पांढरट बुरा चढतो, त्यावर कापूर, कडुनिंबाचा पाला आणि संध्याकाळची धुरी हे उपाय घरात पूर्वापार आहेत. त्यांनी कुबट वास दबतो, परंतु हवेतील ओल हटत नाही. म्हणून जूनच्या आरंभी कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर (हवेतील ओल ओढून तिचे पाणी टाकीत साठवणारे यंत्र) घेतला आणि दिवाळीपर्यंत तो नियमित वापरला.

स्लॅबच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून घेतल्यावर, त्याचे काम निःसंशय चांगले आहे. आर्द्रतामापकावर सकाळी नव्वदीच्या घरात असलेला आकडा दुपारपर्यंत 60 टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि बुरशी रोखायला तेवढे बहुधा पुरते. मात्र कपाटाची दारे उघडी ठेवावी लागतात. बंद कपाटातील ओल तशीच राहते. कौलारू भागात त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण कौलांच्या फटींतून बाहेरची दमट हवा अखंड आत येत असते.

खरा लाभ झाला तो कपड्यांच्या बाबतीत. त्याच खोलीत दोऱ्या बांधून मुलांचे गणवेश आणि जाड टॉवेल रात्री वाळत घातले, तर सकाळी ते खडखडीत वाळलेले मिळतात, आणि अर्धवट सुकलेल्या कपड्यांचा आंबूस वास यंदा घरात आला नाही. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा हे यंत्र घ्यावे. त्याची उष्णता मात्र खोलीतच राहते. एसी ती बाहेर टाकतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही. त्यामुळे त्या खोलीत झोपणे कठीण होते.

आधीच धरलेली बुरशी यंत्राने जात नाही. ती कोरड्या कुंचल्याने झाडल्यास तिचे बीजाणू घरभर उडतात, म्हणून नाकावर मास्क बांधून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. ब्लीच वापरायचे असल्यास त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कपाटात टांगण्याच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्याही मी वापरल्या; त्यांत साठलेले पाणी कपड्यांवर सांडले तर डाग पडतात, म्हणून त्या पुन्हा आणल्या नाहीत.

आमचे यंत्र 300 वॅटचे असल्याने दहा तासांना सुमारे 3 युनिट वीज जाते. यंत्र दिवसाला किती पाणी ओढते हे सांगणारा खोक्यावरील लिटरचा आकडा बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेचा असतो. खोली कोरडी होत जाते तसे पाणी कमी मिळते. ते पाणी आम्ही लाद्या पुसायला घेतो, पिण्यास ते योग्य नव्हे. जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते, आणि हे मध्यरात्री घडल्यास सकाळी कपडे ओलेच हाती येतात. म्हणून ऑगस्टपासून त्याची नळी थेट मोरीत सोडली आहे.