कॅमेऱ्यावाली शाळा की वहीवाली शाळा: आमचं कसं ठरलं

मुलगी पहिलीचं अख्खं वर्ष आणि दुसरीची सहामाही एका शाळेत होती, त्यानंतर आम्ही तिला दुसरीकडे घातलं, म्हणजे दोन्हीकडचं पाणी पिऊन झालंय. फी, अभ्यासक्रम, अंतर हे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडतो. प्रश्न एवढाच की पोर शाळेत सुरक्षित आहे का, आणि काही झालं तर आपल्याला कळतं का. नावं घेत नाही, एकीला कॅमेऱ्यावाली म्हणू आणि दुसरीला वहीवाली.

कॅमेऱ्यावालीचं गेट बघूनच आम्ही भुललो होतो. मुलांच्या गळ्यात कार्ड, गेटमधून आत गेलं की मोबाईलवर मेसेज, प्रत्येक जिन्यावर कॅमेरा, बस कुठे पोचली ते ॲपवर. वहीवालीत एक वॉचमनकाका आणि एक रजिस्टर, बास. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, इथे तर कोणीही आत जाईल. पण अडवलं मलाच! न्यायला येणाऱ्यांच्या यादीत माझा फोटो चिकटवायचा राहिला होता, मुलगी समोरून बाबा बाबा करून हात हलवतेय तरी काकांनी आधी बायकोला फोन लावून खात्री केली आणि मगच तिला सोडलं. तेव्हा चिडलो होतो, आता कौतुक वाटतं.

कार्डाचं कसंय, मशीन कार्ड वाचतं, मूल वाचत नाही. एकदा मुलीचं कार्ड मैत्रिणीच्या दप्तरात राहिलं आणि ही घरात तापाने झोपलेली असताना मला मेसेज आला, आपला पाल्य शाळेत सुखरूप पोचला आहे. हसलो आम्ही तेव्हा. बसचंही तेच, मॅपवर बस दिसते, बसमध्ये कोण आहे ते दिसत नाही. वहीवालीच्या बसला मॅप वगैरे काही नाही, पण मुलं उतरली की मावशी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन कोणी झोपून राहिलंय का ते बघतात, रोज, मी स्वतः बघितलंय.

फायर ड्रिल दोन्हीकडे होते. कॅमेऱ्यावालीत आधी तारीख सांगून, मग ॲपवर रांगेतल्या मुलांचे फोटो. वहीवालीत न सांगता मधल्या सुट्टीत घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरी चिठ्ठी आली की मैदानावर मोजताना एक मूल कमी भरलं, ते टॉयलेटमध्ये होतं, यापुढे निघताना टॉयलेट कोण तपासणार ते ठरवलंय. आमच्या पालकांच्या ग्रुपवर यावरून बराच गोंधळ झाला, हे कसलं मॅनेजमेंट म्हणून. मला मात्र ती चिठ्ठी वाचून जरा बरं वाटलं, का ते पुढे कळेल.

आता आमचं ज्यामुळे ठरलं ते. तेव्हा मुलगी कॅमेऱ्यावालीत होती. एका गुरुवारी ती घरी आली ती गप्पगप्पच, काही खाल्लं नाही, सहालाच झोपली. आम्हाला वाटलं खेळून दमली. ॲपवर बघितलं तर हजेरीला हिरवी टिक, मातीकामाचे चार फोटो आणि खाली 'आजचा दिवस मजेत गेला'. रात्री दहाला बायको तिचे केस सारखे करत होती तर कानामागे लिंबाएवढं टेंगूळ. उठवून विचारलं तर म्हणे घसरगुंडीवरून पडले, टीचरने बर्फ लावला. म्हणजे शाळेला सकाळी अकरापासून माहीत होतं! डोक्याला मार लागला की पुढचे 24 ते 48 तास मुलावर नजर ठेवायची असते, सारख्या उलट्या, उठवूनही न उठणं, असंबद्ध बोलणं, तोल जाणं यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. आणि त्यातले पहिले 11 तास आम्हाला पत्ताच नाही, उलट लवकर झोपली म्हणून आम्ही खूश. डॉक्टरांनी रात्रीच तपासलं, सुदैवाने काही निघालं नाही.

मुलं पडणारच, पडण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर टीचर म्हणाल्या ऑफिसला कळवलं होतं, ऑफिस म्हणालं किरकोळ होतं म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही. फुटेज मागितलं तर त्यात बाकीची मुलं आहेत, दाखवता येणार नाही. हे मला पटलं, खरंच पटलं, म्हणून म्हटलं मला दाखवू नका, तुमच्यापैकी कोणीतरी बघा आणि काय झालं ते दोन ओळीत लिहून द्या. मग मेल करा, मग रिमाइंडर, मग वर पाठवलंय, असं करत तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं की रेकॉर्डिंग पुसलं गेलं. डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं, कोणी वेळेत कॉपी काढून ठेवली नाही तर संपलं. कोणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या कॅमेऱ्यांच्या शाळेत माझी पोर पडल्याचं एक वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं.

वहीवालीत कार्बन लावलेली एक वही आहे. वर्षभरात आम्हाला तीन चिठ्ठ्या आल्या. एक सांगतो: 10:40, नळाजवळ घसरली, डावा गुडघा खरचटला, धुऊन पट्टी लावली, कोणी बघितलं त्यांचं नाव, सही, आणि खाली 'फरशी ओली होती, पायपुसणं टाकलं आहे'. डोक्याला काहीही लागलं की चिठ्ठीची वाट न बघता फोन, मग टेंगूळ असो नसो.

वहीवालीत सगळं छान आहे असं नाही हां. ऑफिसचा फोन अर्धा वेळ एंगेज, मागच्या कंपाउंडला कॅमेरा नाही, जिन्याचा कठडा हलत होता तर तीन आठवडे दोरी बांधून जिना बंद (कळवलं होतं म्हणा). दोन मुलांची भांडणं होऊन दोघं दोन गोष्टी सांगतात तेव्हा कॅमेरा असता तर बरं झालं असतं असं मलाही वाटलंय. आणि न्यायला येणारं माणूस रोज बदलत असेल तर ॲपची सोय मोठी आहे, आमच्या शेजाऱ्यांची दोन्ही मुलं अजून तिथेच आहेत आणि त्यांची काही तक्रार नाही. दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं तर डोळे मिटून घ्या. आम्हाला नाही मिळालं, म्हणून आम्ही वही घेतली.

ॲडमिशनच्या आधी एक करून बघा, नावं झाकून अपघाताच्या नोंदी दाखवता का असं विचारा. शाळा बदलायचं ठरल्यावर मी कॅमेऱ्यावालीतही मुद्दाम विचारलं होतं, काउंटरवरून उत्तर आलं, आमच्याकडे असं काही होत नाही सर. वहीवालीच्या मोठ्या बाईंनी ड्रॉवर उघडला, नावांवर पट्टी धरली आणि वही माझ्याकडे फिरवली. शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती, मधमाशी चावली, काटा काढला, आईला 12:15 ला फोन.