कन्सल्टन्सीला पैसे देण्याआधी युरॅक्सेस उघडा

बेळगावात टिळकवाडीतल्या एका ‘स्टडी अब्रॉड’ ऑफिसात मी युरोपातल्या पीएचडीबद्दल विचारलं, तर समोरच्या बाईंनी एम.एस.च्या फीचं पत्रक पुढे सरकवलं. “अगोदर मास्टर्स करा की, पीएचडीचं मग बघूया.” मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालंय, हे फॉर्मवर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. चहा मात्र बरा होता.

युरॅक्सेस हे युरोपियन कमिशनचं संशोधकांसाठीचं संकेतस्थळ. पूर्ण फुकट. घरी नंदगडला वडिलांना त्यावरची एक जाहिरात वाचून दाखवली: कराराचा प्रकार, आठवड्याचे तास, रुजू व्हायची तारीख. ते म्हणाले, “ही तर नोकरीच की ग! पगार देऊन शिकवतात व्हय?” देतात. नेदरलँड्समध्ये पीएचडीचा करार साधारण ४ वर्षांचा असतो. जर्मनीत बऱ्याच जागा ई-१३ वेतनश्रेणीच्या ६५ किंवा ७५ टक्के अशा निघतात, म्हणजे पगार तेवढ्याच हिश्शाचा. काम त्या टक्क्यांत मावत नाही, असं तिथं असलेली माझी सीनियर सांगते.

शोधताना ‘आर-१’ हा फिल्टर आधी लावा. पीएचडी व्हायच्या आतल्या संशोधकांसाठीची ती पायरी. नाहीतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) आणि प्राध्यापकांच्या जागांतच संध्याकाळ जाते. मग मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या पीएचडीच्या, जागा बघा, त्या आपल्यासाठी फार चांगल्या. राष्ट्रीयत्वाची अट नाही. मुख्य अट अशी की रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. जर्मनीत नुकतंच मास्टर्स संपवलेल्याला जर्मनीतली अशी जागा अडते. खानापूर-बेळगाव बस सोडून कुठं न गेलेल्या माणसाला अडत नाही.

अर्ज युरॅक्सेसवरच भरायचा नसतो. जाहिरातीतल्या लिंकवरून विद्यापीठाच्या पानावर जायचं. ते पान शेवटपर्यंत वाचा, कारण मोटिव्हेशन लेटर (ही जागा का हवी, हे सांगणारं पत्र) किती पानांचं, एम.एस्सी.च्या प्रबंधाचा सारांश हवा की नको, हे तिथंच असतं. एकच पत्र सगळीकडं पाठवण्यात अर्थ नाही. त्या संशोधन गटाचे दोन पेपर वाचलेत हे पत्रातून दिसायला हवं. नेदरलँड्ससाठी अॅकॅडेमिक ट्रान्सफर आणि जर्मनीसाठी डाडचा (DAAD, परदेशी विद्यार्थी-संशोधकांसाठीची जर्मन संस्था) पीएचडी जागांचा शोध, हीही संकेतस्थळं सोबत उघडी ठेवा.

मुदतीपुढं ‘ब्रसेल्स’ची वेळ दिसली तर हिशेब करा. तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे ४:२९, उन्हाळ्यात ३:२९. गावाकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी अर्ज आदल्या दिवशीच पाठवते.

शिफारशीसाठी ज्यांचं नाव देणार, त्या सरांना आधी फोन करून सांगा. बऱ्याच ठिकाणी विद्यापीठ त्यांना परस्पर मेल करतं, आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल मागतं. आमचे सर तो उघडतच नव्हते. आता मी त्यांच्या केबिनमध्ये बसून उघडून देते, आणि ते “हे स्पॅममध्ये कसं काय गेलं म्हणायचं?” असं मलाच विचारतात.